‘उतर’ म्हणण्यापूर्वी

गेल्या नोव्हेंबरातील गोष्ट. भाताची कापणी आटोपत आली होती. लोंढ्याला या दिवसांत सकाळी धुके असते. त्या धुक्यातून स्टेशनातल्या इंजिनाचा भोंगा ऐकू येतो आणि मग हळूहळू घरांची कौले दिसू लागतात. त्या दिवशी मात्र भोंग्याच्या आधीच निराळा घरघराट कानी आला. दार उघडून पाहतो तो गल्लीच्या तोंडाशी एक पिवळे यंत्र येऊन उभे राहिलेले. पाण्याची नवी नळवाहिनी घालावयाची होती. घरोघरी नळ देण्याची जी योजना केंद्र सरकारने २०१९ साली जाहीर केली, तिच्यापायी आमच्या भागातील कितीतरी गावांच्या वाटा अशा उकरल्या गेल्या आहेत. आमची पाळी आता आली होती.

यंत्राने खणावयास आरंभ केला मात्र, गल्लीतील सारी मुले गडग्यावर चढून बसली. त्यांत माझी नातही होती. यंत्राचा लांब हात वर जाई, खाली येई, आणि ओंजळीने पाणी काढावे तशी माती काढून काठावर ओती. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर नातीने मला विचारले, “आजोबा, एवढे जड यंत्र स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडत नाही का?”

मी म्हणालो, “पडते कधीकधी. पण पडलेले यंत्र दोराने ओढून पुन्हा उभे करता येते.”

पुढचे वाक्य मी मनातच ठेवले. लहान मुलीपाशी बोलण्याजोगे ते नव्हते. परंतु ज्यांचे पुत्र, जावई, भाऊ रस्त्यांच्या, नळांच्या, तारांच्या कामावर जातात, किंवा ज्यांच्या दारासमोरून उद्या असाच चर जाणार आहे, अशा घरांतील वडीलधाऱ्यांपाशी ते बोलल्यावाचून मला राहवत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

माझे सारे आयुष्य मातीकामात गेले. वडील रेल्वेत गँगमन होते. मिरजेकडून, हुबळीकडून आणि कॅसलरॉकच्या घाटाकडून येणारे रूळ जेथे एकत्र मिळतात, त्या आमच्या गावात रेल्वेची नोकरी ही घराघरांतली गोष्ट. मी मात्र रेल्वेत न जाता कंत्राटी कामांवर सुपरवायझर म्हणून लागलो आणि चाळीस वर्षे गटारे, मोऱ्या, नळवाहिन्या व पाये यांच्या कडेला उभा राहिलो. वडिलांच्या काळी चर खणावयाचा म्हणजे टिकाव, पहार, खोरे आणि घमेले. दहा माणसे दिवसभर राबत, तेव्हा कोठे छातीइतका खोल असा थोडका चर तयार होई. त्या संथपणात एक मोठा गुण होता. माणूस मातीबरोबर खाली उतरत असे. वरचा थर कसा, खालचा कसा, कोठे ओल लागली, कोठे खडा सुटला, हे त्याच्या हाताला कळत जाई. भिंतीतून दोन ढेकळे सुटली की जुने गँगमन काम थांबवून वर येत, आणि मग फळ्या लावूनच पुन्हा खाली जात.

यंत्राने हा काळ मधून काढून टाकला. ज्याला आपण सारे ‘जेसीबी’ म्हणतो, ते वस्तुतः एका गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे होत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाने ऑक्टोबर १९४५ मध्ये उटॉक्सिटर गावातील एका लहानशा भाड्याच्या गॅरेजात युद्धातील मोडीत निघालेल्या सामानापासून एक ट्रॉली तयार केली, आणि १९५३ साली पुढे सूप व मागे खणता हात असलेले त्याचे यंत्र बाजारात आले. आपल्या देशात हरियाणातील बल्लभगड येथे त्याचा कारखाना १९७९ साली सुरू झाला. तिकडे अमेरिकेत, ओक्लाहोमातील पेरी या गावी, लोहारकाम करणाऱ्या घराण्यातील एड माल्झान याने प्लंबर लोक रस्त्यापासून घरापर्यंतचा चर कुदळीने खणतात हे पाहून १९४९ साली साखळीला दाते लावलेले एक छोटे यंत्र बाजारात आणले. आज दूरध्वनीच्या व इंटरनेटच्या काचतारा पुरण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडलेली जी साखळीची यंत्रे रस्त्याच्या कडेने सरकताना दिसतात, ती त्याच जातीची. दहा माणसांचे दिवसाचे काम ही यंत्रे तासाभरात करतात. पाठीचा काटा ढिला करणारे कष्ट त्यांनी वाचविले, हे खरोखर मोठे उपकार होत. यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी लिहीत नाही.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्र चर खणते, पण चरात उतरत नाही. उतरतो तो माणूस: तळ साफ करावयास, नळाचा सांधा बसवावयास, तार सरळ करावयास. आणि ज्या भिंतींच्या मध्ये तो उतरतो, त्या भिंतींशी त्याची ओळख झालेली नसते. अर्ध्या तासापूर्वी तेथे अखंड जमीन होती.

आमच्या भागातील जमीन तर विशेष फसवी. वर जांभा. उन्हापावसात टणक झालेला, तांबडा, चिऱ्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. यंत्राने कापला म्हणजे त्याची कड सुरीने कापलेल्या वडीसारखी सरळ उभी राहते. पाहणाऱ्यास वाटते, ही भिंत शंभर वर्षे हलणार नाही. पण या कठीण टोपीखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट, पिवळसर, साबणासारखी मऊ माती असते. कोरडी असेतोवर ती उभी राहते. पाणी लागले की विरघळल्यागत वाहू लागते. कोकण रेल्वेच्या बांधकामात गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांना जे रडविले, ते अशाच मऊ मातीने. तो संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. त्यानंतर बावीस वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच बोगद्याच्या भिंतीचा काही भाग पुन्हा ढासळला. कोकण रेल्वे उभी राहताना सत्तरांहून अधिक माणसे कामावर दगावली. त्या मार्गावरून आपण सुखाने प्रवास करतो तेव्हा त्यांची आठवण ठेवणे उचित होय.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. ती सांगताना कोणा कंत्राटदाराचे वा कचेरीचे नाव घेणार नाही, कारण त्या दिवशीचा दोष प्रथम माझा होता.

१९९६ सालचा जून महिना. खानापूरच्या पश्चिमेकडील एका गावी नळवाहिनीचे काम चालले होते. पहिला पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेला होता, आकाश पुन्हा भरून आले होते, आणि मोठा पाऊस लागण्यापूर्वी शेवटचा तुकडा जोडून टाकावा असा वरून तगादा होता. यंत्राने साडेसहा फूट खोल चर कापला. रुंदी जेमतेम अडीच फूट. वरचे तीन फूट जांभा, खाली ती पांढरट माती. काढलेली सारी माती चराच्या अगदी काठावर, माणसाच्या कमरेइतक्या उंचीने, लांबच लांब रचली गेली होती. नळाच्या सांध्याखालची माती हाताने साफ करावयाची होती.

एक मजूर काठावर उकिडवा बसून आत पाहत होता. वय तिशीच्या आतबाहेर. तो म्हणाला, “साहेब, खालून ओल सुटली आहे.”

मीही पाहिले. भिंतीच्या पायथ्याशी घाम आल्यासारखी ओल दिसत होती. काठाला समांतर अशी एक बारीक रेघही मातीत उमटली होती. हे सारे मी पाहिले, आणि घड्याळाकडेही पाहिले. मी म्हणालो, “पाच मिनिटांचे तर काम आहे. उतर.”

तो उतरला.

पाच मिनिटे झाली नसतील. आवाज फारसा झाला नाही. भाताचे पोते जमिनीवर टाकावे तेवढाच. काठावरील ढीग आणि त्याखालची जांभ्याची कड एकदमच खाली गेली. धूळ बसल्यावर पाहतो तो माणूस छातीपर्यंत पुरला गेलेला, एक हात वर, तोंड उघडे, पण ओरड नाही. ओरडण्यास लागणारा श्वासच त्याच्यापाशी नव्हता.

सर्वांची धावपळ उडाली. दोघांनी चरात उड्या टाकल्या. यंत्रचालकाने यंत्र सुरू केले आणि बकेटने माती ओढण्यासाठी हात फिरविला. त्याचा हेतू चांगला होता. पण तो लोखंडी दातांचा हात त्या बिचाऱ्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर आला होता. तेवढ्यात आमच्याबरोबर काम करणारा एक म्हातारा, रेल्वेच्या गँगमधून निवृत्त झालेला, चालकाच्या पुढे आडवा उभा राहिला. “यंत्र बंद कर! आत उतरलेले दोघे वर या! फळ्या आणा!” असे तो ओरडला. ते दोघे वर आले, आणि त्यांनी पाय काढला त्याच जागी भिंतीचा आणखी एक तुकडा कोसळला. मग त्या म्हाताऱ्याने सेंट्रिंगच्या फळ्या दोन्ही बाजूंना उभ्या करविल्या, मधे बल्ल्या आडव्या ठोकून धिरे दिले, आणि नंतरच माणसे आत उतरली. खोऱ्याने नव्हे, घमेल्याने आणि हाताने माती काढली. पाऊण तास लागला. पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही त्याला बाहेर काढले.

तो वाचला. परंतु कमरेचे हाड मोडले होते. पुढे तो काठी घेऊन चालू लागला. ओझे मात्र त्याला पुन्हा कधी उचलता आले नाही. ओझे उचलणे हीच ज्याची शेती आणि हाच ज्याचा व्यापार, त्याचे घर कसे चालले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. काही रक्कम मिळाली, कागद झाले, प्रकरण मिटले.

सुमारे वर्षाने मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दुसऱ्याच्या शेतावर गेली होती. तो अंगणात बसून सुंभ वळत होता. मी चाचरत क्षमा मागितली. तो काही वेळ बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही ‘उतर’ म्हणालात म्हणून मी उतरलो. मी ‘नको’ म्हटले असते तर तुम्ही दुसऱ्याला उतरविले असते, आणि दुसऱ्या दिवशी मला काम मिळाले नसते. तुमच्याजागी मी असतो तर मीही तेच केले असते. पण तुम्हाला ओल दिसत होती ना?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर माझे ओझे हलके झाले असते. त्या एका प्रश्नाने मला जे शिकविले ते इतके साधे आहे: चरात उतरणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. म्हणून पाहण्याचे सारे काम ‘उतर’ म्हणणाऱ्याचे आहे.

त्यानंतर मी पुस्तके चाळू लागलो, अभियंत्यांना विचारू लागलो. तेव्हा लाज वाटली, कारण जे मी एका माणसाचे कंबरडे मोडून शिकलो, ते छापून ठेवलेले होते. खोदकामाच्या सुरक्षेसंबंधीचे भारतीय मानक, क्रमांक ३७६४, हे १९९२ सालीच सुधारून निघाले होते. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या सुरक्षासंहितेत तर अगदी थोडक्या वाक्यांत सर्व सांगितले आहे. चर दीड मीटर, म्हणजे पाच फूट, किंवा त्याहून खोल असेल तर त्याच्या बाजूंना उतार द्यावा, किंवा फळ्या व धिरे लावून त्या घट्ट धराव्यात. काढलेली माती काठापासून दीड मीटर, किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या अंतराच्या आत टाकू नये. एक मीटर वीस सेंटिमीटरहून, म्हणजे सुमारे चार फुटांहून, चर खोल झाला की दर तीस मीटरला एक शिडी असावी, आणि ती काठाच्या वर तीन फूट निघालेली असावी. खणणे नेहमी वरून खाली. खालून पोखरून वरचे पाडणे सर्वथा वर्ज्य. अमेरिकेतही फळ्यांची किंवा पोलादी पेटीची सक्ती पाच फुटांपासूनच आहे. माती कोणत्याही देशातील असो, माणसाची छाती सर्वत्र सारखीच.

आणि या नियमांमागचे कारण कळले की ते पाठ करावे लागत नाहीत. एका घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड ते पावणेदोन टन भरते. काठावरचा ढीग म्हणजे चराच्या भिंतीच्या डोक्यावर ठेवलेले ओझे. जमिनीत माती चारी बाजूंनी एकमेकींना दाबून उभी असते. चर कापला की एका बाजूचा आधार गेला. पुढे ती काही तास, काही दिवस उभी राहते ती केवळ आपल्या चिकटपणावर. ऊन लागून ती भेगाळते, पाऊस लागून जड होते, शेजारून ट्रक गेला की हादरते. सहा फुटांवरून ढेकूळ तळाशी यावयास एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात माणूस उडी मारून बाहेर येईल ही आशा व्यर्थ होय. आणि छातीपर्यंत माती आली की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ती आणखी आवळत जाते. डोके बाहेर आहे म्हणून माणूस सुरक्षित आहे असे मुळीच नाही.

म्हणून रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी, आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा, एका जाणत्या माणसाने चराच्या काठाने चालत जावे. काठाला समांतर भेग, तळाशी ओल, फुगलेली भिंत, सुटणारे खडे, यांपैकी एक जरी दिसले तरी कोणासही खाली उतरवू नये. जुनी भिंत, विजेचा खांब किंवा झाड चराजवळ असेल तर आधी त्याला आधार द्यावा. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका संकुलाची आवारभिंत पावसात कोसळली आणि शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांत झोपलेली पंधरा माणसे दगावली. बाहेरगावाहून पोटासाठी आलेली ती कुटुंबे होती.

आता यंत्राविषयी चार शब्द. खणणारे यंत्र सातआठ टनांचे असते. मागील हाताने खणण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पाय कठीण, सपाट जमिनीवर टेकलेले असावेत. काठाच्या पोकळ मातीवर टेकलेला पाय यंत्रालाही नेतो आणि भिंतीलाही. हात फिरतो तेवढे वर्तुळ पूर्ण मोकळे ठेवावे. चालकाला मागचे व बगलेचे दिसत नाही. म्हणून खुणा करणारा माणूस एकच असावा आणि चालकाने त्याच्याच खुणेवर चालावे. दहाजण ‘इकडे, तिकडे’ करू लागले की अपघात ठरलेला. बकेटमध्ये बसून चरात उतरणे किंवा वर येणे ही गंमत नव्हे. चर चालू असताना यंत्राखाली कोणी नसावे, आणि चरात माणूस असताना यंत्राने त्याच्या जवळ खणू नये. विश्रांतीसाठी यंत्र सोडताना बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घ्यावी. गडग्यावर बसलेल्या मुलांपैकी एखादा धीट निघतोच.

साखळीच्या यंत्राचा धोका निराळा. त्याचे दाते इतक्या वेगाने फिरतात की ते दिसतच नाहीत. आपल्या मजूर भगिनी लुगड्यात काम करतात; पदर कमरेला घट्ट खोचलेला नसेल तर तो साखळीला एकदा लागला की संपले. लुंगी, गळ्यातील टॉवेल, मफलर यांचीही तीच गत. दात्यांत मूळ किंवा दगड अडकला तर इंजिन पूर्ण बंद करून, साखळी थांबल्याची खात्री करून, मगच तो काढावा. ‘गती कमी केली आहे’ हे पुरेसे नव्हे. दगड लागला की यंत्र उसळते आणि खडे गोळीसारखे उडतात, म्हणून साखळीच्या बाजूला कोणी उभे राहू नये. अरुंद चर म्हणून त्याला कोणी भीत नाही, ही आणखी एक चूक. दूरसंचारच्या काचतारांचा चर साध्या मातीत एक मीटर पासष्ट सेंटिमीटर खोल घेण्याची रीत आहे. म्हणजे पाच फुटांची मर्यादा तेथेही ओलांडली जाते. असा चर यंत्राने कापावा, तार वरूनच सोडावी, आणि होईल तो माणसाला आत उतरवूच नये.

खणण्यापूर्वी खाली काय आहे याची चौकशी हवी. विजेच्या, दूरध्वनीच्या तारा, जुने नळ, गॅसची वाहिनी यांचा ठावठिकाणा संबंधित खात्यांकडून घ्यावा. त्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची मोबाईलवरील सोय सुरू केली. खणताना वाळूचा थर, विटांची रांग किंवा रंगीत पट्टी लागली की यंत्र थांबवून पुढचे काम हाताने करावे. खाली तार असण्याची ती खूण होय. वरच्या तारांकडेही पाहावे. यंत्राचा हात विजेच्या तारेला लागला, तर चालकाने आतच बसून राहावे आणि इतरांनी दूर व्हावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून दूर उडी घ्यावी, आणि तसेच लहान उड्या घेत लांब जावे.

इतके करूनही दरड कोसळलीच, तर त्या म्हाताऱ्या गँगमनाचे शब्द आठवावेत. यंत्र बंद. कोणीही उडी टाकू नये. काठावरची गर्दी आणि मातीचा ढीग मागे हटवावा. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. फळ्या व धिरे लावल्यावाचून आत उतरू नये, आणि माणसाजवळची माती हातानेच काढावी. त्याला दोराने ओढू नये. दया ही उतावळी असली की एकाच्या जागी तिघांना पुरते.

रात्री उघडा राहणारा चर हीदेखील खणणाऱ्याचीच जबाबदारी. कोणी खड्डा उघडा टाकला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल वा गाढव पडले, तर खणणाऱ्याने भरपाई करावी, असा नियम निर्गमाच्या ग्रंथात आपण वाचतो. जनावरांबद्दल इतकी काळजी सांगितली असेल, तर रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या माणसाबद्दल किती असावी! दोन बल्ल्या आडव्या, एक तांबडी पट्टी आणि एक दिवा, एवढ्याने काम भागते.

असो. पुन्हा आमच्या गल्लीत येतो. बहुतेक ठिकाणी चर तीन-साडेतीन फुटांचाच होता, त्याची चिंता नव्हती. पण वळणावर, जुन्या मोरीखालून नळ न्यावयाचा म्हणून, यंत्राने सहा फुटांपर्यंत खणले. माती काठावरच पडत होती. वर जांभा, खाली पांढरी माती. एक पोरगेला मजूर चप्पल काढून उतरण्याच्या तयारीत होता. सत्तरीच्या माणसाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालू नये असे सौभाग्यवतीचे मत. ते मोडून मी पुढे गेलो.

चालक विजापूरकडचा तरुण. मला पाहून म्हणाला, “अज्जा, मागे व्हा. पाच मिनिटांचे काम आहे.”

तेच शब्द. क्षणभर मला काही सुचेना. मग मी त्याला खाली बोलाविले, चहा मागविला, आणि जून १९९६ ची गोष्ट सांगितली. त्याचा मुकादमही येऊन उभा राहिला. प्रथम त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. ‘तुम्हाला ओल दिसत होती ना’ या वाक्यापाशी तो गेला. तो काही न बोलता चराच्या काठाशी गेला, वाकला, आणि तळाशी बराच वेळ पाहत राहिला.

यंत्राने काठावरचा ढीग उचलून पलीकडच्या मोकळ्या जागेत टाकला. वळणावरच्या भिंतींना उतार दिला. त्यात आमच्या कुंपणाची दोन झुडपे गेली, ती जावोत. शिडी मात्र त्यांच्यापाशी नव्हती. नाताळात तारा व आकाशकंदील टांगण्यासाठी देवळात एक लांब बांबूची शिडी असते, ती फादरांना विचारून मुलांनी खांद्यावर आणली. या सगळ्याला पाच मिनिटे नव्हे, पावणेदोन तास लागले. मुकादम दोनदा घड्याळाकडे पाहून चरफडला, हेही नमूद केले पाहिजे; त्याच्यामागेही कोणाचा तरी तगादा असणारच.

मग तो पोरगा उतरला. मुकादम काठावर उभा राहून भिंतीकडे पाहत होता, आणि चालकाने किल्ली खिशात टाकली होती. सांधा बसला. पोरगा शिडीने वर आला, पाय झटकले, आणि नातीने पुढे केलेला पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला.

आता त्या नळाला पाणी आले आहे. वळणावरची माती अजून नीट बसलेली नाही. पावसाळ्यात थोडी खचेल, तेव्हा पुन्हा भर टाकावी लागेल. शिडी आम्ही दुसऱ्याच दिवशी देवळात परत नेऊन ठेवली. तिच्या खालच्या दोन पायऱ्यांना लागलेली पांढरी माती धुऊनही पुरती गेली नाही.